अर्बुदांतील पाण्याचें गणित

भास्कराचार्यांनीं लीलावतींत (इ. स. ११५०) दसपटीनें वाढत जाणाऱ्या संख्यांचीं जीं नांवें सांगितलीं आहेत, त्यांत कोटीच्या पुढची पायरी अर्बुदाची आहे. अर्बुद म्हणजे दहा कोटी. हाच शब्द सुश्रुतानें निदानस्थानांत शरीरांत वाढणाऱ्या एका विशिष्ट गांठीस योजिला आहे. ती वाटोळी, स्थिर, खोल मुळाची, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी असते असें तिचें लक्षण देऊन, एकीवर दुसरी उद्भवली तर तिला अध्यर्बुद म्हणावें असेंही त्यानें सांगितलें आहे. शाळेंत असतांना एका चौकस विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें होतें, "गुरुजी, एकच शब्द संख्येलाही आणि गांठीलाही कसा?" आबूच्या पहाडालाही अर्बुदच म्हणतात, शब्द एक आणि अर्थ अनेक, असें सांगून आम्हीं त्याची बोळवण केली. पुढें वाचनांत आलें कीं, एक घन सेंटीमीटर आकाराच्या गांठींत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत पेशी असतात. हा निव्वळ योगायोग होय. त्यावरून प्राचीनांपाशीं सूक्ष्मदर्शक यंत्र होतें असें सिद्ध करणारे पंडित आमच्या नागपुरांत पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्या पंक्तीस बसत नाहीं.

आज ह्या शब्दाची आठवण होण्यास एका वाचक भगिनीचें पत्र कारण झालें आहे. त्यांच्या यजमानांस कर्करोगाची गांठ होती. शिरेंतून औषध देण्याचे सर्व क्रम पुरे झाले आणि गांठ होती तशीच राहिली. त्या लिहितात, "औषध रक्तांत घातलें. रक्त तर सर्वांगीं फिरतें. केस गळले, तोंड आलें, म्हणजे औषध केसांच्या मुळांपर्यंत आणि जिभेपर्यंत पोंचलें. मग तें गांठींतच कां पोंचलें नाहीं? डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडलें नाहीं. हें उत्तर झालें, कीं उत्तर टाळणें झालें?"

वैद्यकाच्या अधिकारानें उत्तर देण्याची आमची योग्यता नाहीं. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्यापुढें जें कांहीं झालें तें संस्कृताचें. परंतु हाच प्रश्न आमच्या घरांत कित्येक वर्षें पडून होता, आणि त्याचें चुकीचें उत्तर आम्हीं आपल्या मनाशीं पक्कें करून ठेविलें होतें. म्हणून लिहिण्याचें धाडस करितों.

आमचे थोरले बंधु, ज्यांना सर्व घर दादा म्हणे, त्यांस २००९ सालीं गालाच्या आंतल्या बाजूस व्रण झाला. दादांस खर्ऱ्याचें व्यसन होतें. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदांत घोटून जो पदार्थ आमच्या विदर्भांत चौकाचौकांत मिळतो, तो खर्रा. आपल्या लोकांच्या घरांत हें व्यसन नाहीं अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं आपल्या मुलांचे खिसे एकदां तपासून पाहावे. दादांनीं तो व्रण सात-आठ महिने कोणास दाखविला नाहीं. मानेंत गांठ आली तेव्हां वहिनींच्या ध्यानांत आलें. दुसऱ्या गांवच्या एका रुग्णालयांत उपचार सुरू झाले. औषधाचे तीन क्रम झाल्यावर तेथील डॉक्टरांनीं गांठ चाचपून सांगितलें, "कडेचा भाग मऊ पडला आहे, मधला तसाच आहे." हें वाक्य आम्हांस चमत्कारिक वाटलें. जें औषध कडेला लागतें तें मध्यें कां लागत नाहीं? आमच्या मनानें घेतलें कीं, औषध तरी नकली असावें किंवा त्यांत पाणी तरी घातलें असावें. दादा गेले. पुढें ते डॉक्टर निवृत्त होऊन नागपुरास आपल्या मुलाकडे राहावयास आले. रस्त्यांत दिसले तर आम्ही नमस्कार टाळीत असूं. तोंडानें कधीं कांहीं बोललों नाहीं, पण वहिनींजवळ मात्र बोललों होतों, आणि त्यांनीं तें खरें धरलें होतें.

गेल्या चातुर्मासांत आमचा तोच चौकस विद्यार्थी भेटावयास आला. आतां तो एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत गणित शिकवितो. बसतां बसतां म्हणाला, "गुरुजी, अर्बुदाचा आणि संख्येचा संबंध तुम्हांला विचारला होता ना? तो मला सांपडला. गांठींतून रक्त आणि पाणी कसें वाहतें ह्याचीं समीकरणें मांडणें हाच हल्लीं एक मोठा विषय झाला आहे." कडा मऊ आणि मध्य तसाच, हें दादांचें कोडें आम्हीं त्याला घातलें. तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "हें तर त्या समीकरणांतच आहे."

प्रथम निरोगी शरीराचें पाहूं. हृदयांतून निघालेलें रक्त फांद्या फुटत फुटत केसाहूनही बारीक अशा वाहिन्यांत येतें. त्यांस केशवाहिनी म्हणतात. त्यांच्या भिंतींतून पाणी आणि त्यांत विरघळलेलें पोषण बाहेर झिरपतें व पेशींच्या मधल्या फटींतून फिरतें. त्यांतलें बरेंचसें पुन्हां रक्तांत शिरतें. जें उरतें तें लसीकावाहिन्या नांवाच्या निराळ्या नाल्या गोळा करून मानेजवळच्या शिरांत परत नेऊन सोडतात. हा झिरपण्याचा हिशेब १८९६ सालीं लंडनच्या स्टार्लिंग ह्यांनीं बसविला. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो. रक्तांतील प्रथिनें तें आंत ओढून धरतात. बाहेरच्या फटींतही असाच एक दाब आणि एक ओढ असते. ह्या चौघांची बेरीज-वजाबाकी होऊन पाणी कोणीकडे जावयाचें तें ठरतें. केशवाहिनींत पाऱ्याच्या ३५ मिलिमीटरांपासून १५ मिलिमीटरांपर्यंत दाब असतो. दंडाला पट्टा बांधून डॉक्टर जो १२० व ८० असा दाब सांगतात, त्याच मापानें हा मोजावयाचा. बाहेरच्या फटींत मात्र तो जवळजवळ शून्य असतो. म्हणजे रक्ताकडून पेशीकडे उतार आहे. उतार आहे म्हणून पाणी वाहतें, आणि पाण्याबरोबर औषध वाहतें.

आतां अर्बुदाकडे वळूं. गांठ एक-दोन मिलिमीटरांहून मोठी व्हावयाची तर तिला स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या फुटाव्या लागतात, हें अमेरिकेंतील जूडा फोकमन ह्यांनीं १९७१ सालीं ठासून मांडलें. पण ह्या वाहिन्या घाईच्या असतात. नागपूरकरांस सांगावयाचें तर हें एक अनधिकृत ले-आउट होय. घरें आधीं, रस्ते मागाहून. रस्ते वांकडेतिकडे, कोठें रुंद, कोठें बोळ, कोठें एकदम बंद. आणि नाल्या तर कोणी बांधीतच नाहीं. अर्बुदांतील रक्तवाहिन्या अशाच वेड्यावांकड्या, जागोजाग गळक्या; त्यांच्या भिंतींच्या पेशींमध्यें मोठमोठ्या फटी; आणि पाणी वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या गांठीच्या पोटांत कामाच्या राहिलेल्या नसतात.

वाहिनी वांकडी किंवा अरुंद असली तर काय होतें, तें प्वाझय नांवाच्या एका फ्रेंच डॉक्टरनें १८४० च्या सुमारास कांचेच्या बारीक नळ्यांतून द्रव सोडून मोजलें होतें. त्याचा नियम मोठा कडक आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली कीं, तिच्यांतून वाहणारा द्रव निम्मा होत नाहीं, चौथाईही होत नाहीं. तो सोळावा हिस्सा होतो. पेशी भोंवतालून दाबूं लागल्या आणि वाहिनी चेंगरली, कीं तिच्या पलीकडच्या वस्तीला रक्त जवळजवळ मिळेनासें होतें. १९५५ सालीं इंग्लंडमधील टॉमलिन्सन व ग्रे ह्या दोघांनीं फुप्फुसाच्या कर्करोगाचे काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, तेव्हां रक्तवाहिनीपासून मिलिमीटराच्या सुमारें पांचव्या हिश्शापलीकडे असलेल्या पेशी मेलेल्या आढळल्या. प्राणवायु किती अंतर जाऊं शकेल ह्याचें गणित करून त्यांनीं दोन्हींचा मेळ घालून दाखविला. त्याच्याही अगोदर, १९१९ मध्यें, डेन्मार्कच्या क्रोघ ह्यांनीं स्नायूंतील प्राणवायूचा असाच हिशेब केला होता आणि त्याचें समीकरण सोडवून दिलें एर्लांग ह्यांनीं. हे एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीचे गणिती! तारेंतील संभाषणांची गर्दी मोजणारा मनुष्य रक्तांतल्या प्राणवायूची गर्दीही मोजूं शकतो. "पुढें गणिताचा उपयोग काय?" असें विचारून आम्हांस भंडावून सोडणाऱ्या पालकांसाठीं हा दाखला आम्ही आतां राखून ठेविला आहे.

गळकी वाहिनी आणि बंद नाली हीं दोन एकत्र आलीं म्हणजे काय होईल? पाणी सांचेल आणि दाब चढेल. १९५० सालीं तिघां संशोधकांनीं सशांच्या अर्बुदांत हा दाब मोजला तेव्हां तो भोंवतालच्या शरीरापेक्षां जास्त निघाला. पुढें माणसांतही मोजमापें झालीं. जेथें शून्याच्या आसपास असावयाचा तेथें दहा, वीस, तीस, कधीं त्याहूनही अधिक मिलिमीटर आढळला. परंतु नुसता दाब जास्त आहे एवढ्यानें आमच्या कोड्याचें उत्तर मिळत नव्हतें. गांठींत कोणत्या ठिकाणीं किती दाब, हें सांगावयास समीकरण पाहिजे होतें. तें मांडण्याचें श्रेय मुख्यत्वें एका भारतीयाचें आहे. राकेश जैन हे कानपूरच्या आय. आय. टी. मधून १९७२ सालीं रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन अमेरिकेस गेले. पिट्सबर्ग येथें असतांना त्यांनीं व लॉरेन्स बॅक्स्टर ह्यांनीं १९८८ व १९८९ सालीं अर्बुदांतील द्रवप्रवाहाचें गणित प्रसिद्ध केलें. अमेरिकेचें राष्ट्रीय विज्ञान पदक जैन ह्यांस २०१६ सालीं राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांच्या हस्तें मिळालें.

त्यांनीं दोन जुने नियम एकत्र गुंफले. एक वर सांगितलेला स्टार्लिंगचा, वाहिनींतून बाहेर झिरपणाऱ्या पाण्याचा. दुसरा डार्सीचा. आंरी डार्सी हे फ्रान्समधील दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचे अभियंते. वाळूच्या थरांतून पाणी किती वेगानें झिरपतें ह्याचा नियम त्यांनीं १८५६ सालीं छापला. वाळूंतून पाणी झरकन जातें, आमच्या काळ्या मातींतून जातां जात नाहीं. आणि दोन्हींत तें दाबाच्या मानानें नव्हे, तर दाबाच्या उताराच्या मानानें जातें. हा शेवटचा मुद्दा वाचकांनीं घट्ट धरून ठेवावा, कारण सर्व मर्म त्यांत आहे.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहींत. रात्रींतून कोसळलेल्या पावसानें अंबाझरीचा तलाव भरून वाहिला आणि नागनदीच्या कांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें. आमच्या एका आप्तांचें घर त्याच भागांत आहे. पहिला लोंढा येऊन गेल्यावर त्यांच्या गल्लींत कमरेइतकें पाणी उभें राहिलें. वरच्या मजल्यावरून पाहिलें तर त्या पाण्यावर एक केळीचें पान पडलें होतें, आणि तें जागचें हालत नव्हतें. पाणी एवढें, पण प्रवाह नाहीं. कारण गल्लीभर पातळी एकच. फक्त गल्लीच्या तोंडाशीं, जेथें जमीन उतरते, तेथें पाणी जोरानें बाहेर धांवत होतें आणि चपला, बादल्या, खुर्च्या घेऊन जात होतें. गल्लीच्या मध्यावर कोणास कांहीं पोंचवावयाचें असतें, तर पाण्याच्या भरंवशावर तें कधींच पोंचलें नसतें. आणि तोंडाशीं सोडलें असतें तर उलट बाहेर वाहून गेलें असतें.

जैन-बॅक्स्टर ह्यांचें समीकरण नेमकें हेंच सांगतें. त्यांतील फलन आमच्या आवांक्याबाहेरचें. विद्यार्थ्यानें आमच्यासाठीं आंकडे काढून कागदावर मांडून दिले, ते येथें देतों. एक सेंटीमीटर त्रिज्येची गोल गांठ घ्या आणि वाहिनींतला परिणामी दाब १०० माना. गळती आणि झिरपण ह्यांच्या गुणोत्तरावरून एक संख्या निघते. उदाहरणादाखल ती १० धरली. मग गांठीच्या केंद्राशीं दाब ९९.९, केंद्रापासून ५ मिलिमीटरांवर ९८.७, ८ मिलिमीटरांवर ८३, ९ मिलिमीटरांवर ५९, साडेनऊवर ३६, आणि कडेला शून्य. पाहा, निम्म्या वाटेपर्यंत जवळजवळ कांहींच उतार नाहीं, आणि शेवटच्या दोन मिलिमीटरांत एकदम कडा कोसळते. आंत वाहिनींतला दाब आणि बाहेरचा दाब सारखेच झाल्यामुळें वाहिनींतून पाणी बाहेर पडावयास कारणच उरत नाहीं. औषध घेऊन रक्त येतें आणि तसेंच पुढें निघून जातें. कडेला पाणी झिरपतें खरें, पण तें गांठीच्या बाहेरच्या बाजूस पळतें.

कोणी म्हणेल, दोन मिलिमीटरांची तर कड! पण गोलाचें घनफळ त्रिज्येच्या घनाच्या मानानें वाढतें हें आठवावें. आठ मिलिमीटर त्रिज्येच्या आंतल्या गोलाचें घनफळ सबंध गोलाच्या ५१ टक्के भरतें. म्हणजे निम्मी गांठ कडेंत आणि निम्मी आंत. नारळाची जाड कवटी काढली म्हणजे आंत खोबरें किती थोडें उरतें हें गृहिणींस सांगावयास नको. दादांची गांठ कडेला मऊ पडली ती ह्या अर्थानें, आणि मध्यें तशीच राहिली तीही ह्याच अर्थानें. १९९० सालीं बूशे, बॅक्स्टर व जैन ह्यांनीं कांचेच्या अतिसूक्ष्म नळ्या अर्बुदांत हळूहळू खुपसून दाब मोजला, आणि तो मध्यें सपाट व कडेला कोसळणारा असाच निघाला. समीकरण आधीं आणि मोजमाप नंतर, हा क्रम आम्हांस विशेष वाटतो.

प्रवाह नाहीं तेव्हां औषधाला दुसरा एकच मार्ग उरतो, तो विसरणाचा. स्थिर पाण्यांत शाईचा थेंब सोडला कीं तो आपोआप पसरतो, तसा. पण विसरणाचा हिशेब वर्गाचा आहे. अंतर दसपट तर वेळ शंभरपट. प्रतिद्रव्याच्या जातीचीं जीं मोठ्या रेणूंचीं नवीं औषधें निघालीं आहेत, त्यांना मिलिमीटराचा दहावा हिस्सा ओलांडावयास सुमारें एक तास लागतो. मग एक मिलिमीटरास शंभर तास, म्हणजे चार दिवस. आणि एक सेंटीमीटरास दहा हजार तास, म्हणजे चौदा महिन्यांच्या आसपास. इतका वेळ औषध रक्तांत टिकत नाहीं आणि रोगीही थांबत नाहीं.

भगिनींच्या पत्रांतील केस आणि जीभ ह्यांचा खुलासा आतां व्हावा. तेथील वाहिन्या शिस्तीच्या आहेत, तेथें उतार शाबूत आहे, नाल्या वाहत्या आहेत. म्हणून औषध तेथें सुखानें पोंचतें आणि जेथें नको तेथें आपलें काम करितें. गांठींत तें पोंचत नाहीं तें गांठीच्या बळामुळें नव्हे, तिच्या अव्यवस्थेमुळें. हें आम्हांस फार विलक्षण वाटलें. आजवर आम्ही कर्करोगास बळकट किल्ला समजत होतों. तो निघाला तुंबलेला बोळ.

त्याच कागदावर विद्यार्थ्यानें आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या. वाहिन्यांची गळती अकराव्या हिश्शावर आणली तर केंद्रांतला दाब १०० च्या जागीं ७० होतो. शंभराव्या हिश्शावर आणली तर १५. पहिल्या ओळीवरून उपाय सुचतो. फोकमन ह्यांचें म्हणणें होतें कीं, अर्बुदाच्या वाहिन्याच तोडा म्हणजे तें उपाशी मरेल. त्या विचारांतून निघालेलें बेव्हॅसिझुमॅब हें औषध २००४ सालीं मोठ्या आंतड्याच्या कर्करोगासाठीं अमेरिकेंत मान्य झालें, परंतु तें नेहमींच्या केमोथेरपीच्या जोडीनें द्यावें लागे. येथें एक विसंगति होती. वाहिन्या तोडल्या तर केमोथेरपीचें औषध जाणार कोणत्या वाटेनें? जैन ह्यांनीं २००१ सालींच म्हटलें होतें कीं, बेतानें दिलें असतां असलें औषध वाहिन्या नुसत्या तोडीत नाहीं, तर कांहीं काळ त्यांना वळण लावतें. नकोशा छाटल्या जातात, उरलेल्यांची गळती थांबते, दाब उतरतो आणि त्या अवधींत दुसरें औषध आंत शिरूं शकतें. २००४ मध्यें बॉस्टन येथें गुदाशयाच्या कर्करोगाच्या थोड्या रोग्यांत ह्या औषधाच्या एका मात्रेनंतर गांठींतला दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हां तो उतरलेला आढळला. म्हणजे ले-आउट पाडावयाचें तर आधीं त्याचे रस्ते दुरुस्त करावे लागतात! मात्रा अधिक झाली तर रस्ते नाहींसे होतात आणि सगळेंच बिघडतें. शिवाय ही सुधारणा थोडेच दिवस टिकते. चेंगरलेल्या वाहिन्या मोकळ्या करण्यासाठीं रक्तदाबाची लोसार्टन ही नेहमींची गोळी उंदरांत उपयोगी पडल्याचें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें, आणि २०१९ मध्यें स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ४९ रोग्यांत ती इतर उपचारांबरोबर देऊन पाहिली. परिणाम बरा दिसला, पण तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता. घरांतल्या कोणाच्या डब्यांत ही गोळी आहे म्हणून ती रोग्यास देण्याचा विचार कोणीही मनांत आणूं नये.

आपल्या मुंबईंतही ह्या भेदाचा प्रत्यय आला आहे. तेथील आय. आय. टी. आणि टाटा स्मारक रुग्णालय ह्यांनीं मिळून रोग्याच्याच रक्तांतील पेशींना कर्करोग ओळखावयास शिकवून परत सोडण्याची जी उपचारपद्धति तयार केली, तिला २०२३ सालीं परवानगी मिळाली. ती रक्ताच्या कर्करोगासाठीं आहे. तेथें शत्रु बव्हंशी उघड्यावर सांपडतो. घट्ट गांठींत शिरावयाचें म्हणजे अशा पेशींनाही इतर अडचणींबरोबर ही पाण्याची आणि वाहिन्यांची अडचण आडवी येते.

दुसरी ओळ आम्हांस अधिक लागली. ती संख्या, जी आम्हीं १० धरली, त्रिज्येच्याही प्रमाणांत बदलते. गळती तीच, वाहिन्या त्याच, पण गांठ एक सेंटीमीटराऐवजीं एक मिलिमीटर त्रिज्येची असली, तर संख्या १ होते आणि केंद्रांतला दाब पुन्हां १५ च येतो. वाहिन्यांची गळती शंभरपट कमी करून जें साधतें, तेंच लहान गांठींत आपोआप असतें. दादांनीं व्रण लपविलेल्या त्या सात-आठ महिन्यांत काय झालें असेल, तें त्या दोन आंकड्यांत आम्हांस दिसलें. टोरंटो येथील डॉक्टरांनीं २००१ सालीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रोगी स्त्रियांत दाब मोजून दाखविलें आहे कीं, ज्यांच्या गांठींत दाब जास्त त्यांचें आयुष्य कमी. आमच्या प्रांतीं गांवोगांव फिरून लोकांस व्यसनें सोडावयास सांगणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ सालीं कर्करोगानेंच गेले, आणि नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयास त्यांचें नांव दिलेलें आहे. त्या दारावरून जातांना पाहावें, समोरच्या फुटपाथवर बसलेल्यांपैकीं किती जण लहान गांठ घेऊन आले असतील? बहुतेकांनीं आधीं लेप लावून, चोळून आणि मंतरून घेतलेलें असतें.

असो. तो कागद घडी करून आम्ही एका संध्याकाळीं त्या निवृत्त डॉक्टरांच्या घरीं गेलों. मनांत काय होतें तें सांगितलें, आणि कित्येक वर्षें काय समजत होतों तेंही सांगितलें. ते रागावले नाहींत. म्हणाले, "तसें तुम्ही एकटेच समजत नव्हतां." मग चष्मा लावून त्यांनीं सर्व आंकडे सावकाश वाचले. ८३ वर बोट ठेवून म्हणाले, "मास्तर, हें बरोबर आहे. पण सगळा दोष पाण्याच्या माथीं मारूं नका. तुमच्या दादांना दिलेलें औषध लहान रेणूंचें होतें. त्याला ह्या दाबापेक्षां बंद पडलेल्या वाहिन्यांचा अडथळा अधिक. शिवाय कांहीं पेशी आंत आलेलें औषध पुन्हां बाहेर फेकून देतात. त्यांचें गणित निराळें." मग कांहीं वेळानें विचारलें, "त्यांच्या घरच्यांना हें दाखविलेंत काय?"

तो कागद त्यांनीं ठेवून घेतला. आम्हीं घरीं येऊन विद्यार्थ्याकडून दुसरा मागविला आणि वहिनींस वाचून दाखविला. ते आंकडे त्यांना कळले असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, "म्हणजे औषधांत पाणी नव्हतें?" आम्हीं म्हटलें, "नव्हतें."